गप्प यंत्र

“आणि पाणी? पाणीसुद्धा एकेका चौकोनाला विचारत विचारत येतं का रे?”

तांबोळी मॅडमनी चष्मा पुसत यशोधनला विचारलं.

धरणाचे दरवाजे बाराला उघडले होते. दोन दिवसांच्या पावसाने खालचे ओढेही फुगले होते. पाणी अडीचला उंबरतळी गावात पोहोचणार, आणि आत्ता एक वाजत आला होता. कुठली गावं बुडणार ते यशोधनचा प्रोग्राम सांगणार होता... पण पाच वाजता.

मी पूर नियंत्रण कक्षातला बिनतारी संदेशवाला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण घड्याळ कळतं. माझी पाचावर धारण बसली होती.

“मॅडम, नकाशावर खोऱ्याचे नऊ लाख चौकोन पाडलेत,” यशोधन म्हणाला. “माझा लूप प्रत्येकापाशी थांबतो, हिशेब करतो, मग पुढे जातो. एकही सुटत नाही. तीन वर्षं घासलाय मी तो!”

“घासलास खरा. थांबव.”

“मॅडम...”

“थांबव म्हणते ना!”

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या या जुन्या बाईंचा आवाज वर्गातलाच. त्याने थांबवला. तोंड मात्र असं केलं, जणू कुणीतरी मुस्काटात मारली असावी.

“पाण्याची पातळी, सगळ्या चौकोनांची, एक अख्खी अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची एकच रांग. जमिनीची उंची, दुसरी अख्खी अ‍ॅरे. पहिलीतून दुसरी वजा कर. एकदाच.”

“सगळे एकदम?”

“एकदम.”

त्याने प्रोग्रामच्या सत्तावीस ओळी खोडल्या. तीन उरल्या. बटण दाबलं आणि मी नीट श्वासही घेतला नसेल, तोवर नकाशा पडद्यावर! बुडणारा भाग निळा, बाकी पांढरा.

“चार सेकंद!” यशोधन खुर्चीतून उठलाच. “काका, घ्या लिहून. आठ गावं. उंबरतळी कोरडी आहे, ती वगळा. माणसं हलवायला गाड्या अकराच आहेत, तिकडे घालवू नका.”

मी बिनतारीचं बटण दाबायला हात पुढे केला.

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. गार पडला होता तो. त्याही घाबरल्या होत्या, हे तेव्हा मला कळलं.

“यशोधन, तुझा लूप वाटेत कुणाला टाळायचा का?”

“नाही. म्हणजे... एक अट होती. पातळी मोजणारं यंत्र बंद पडलं की आकड्याच्या जागी उणे नऊशे नव्याण्णव येतं. तसं दिसलं की तो चौकोन सोडून द्यायचा.”

“आणि आता ती अट कुठे आहे?”

त्याने पडद्यावरच्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. कपाळावर घाम आला.

“खोडली...” तो म्हणाला. “लूपबरोबर गेली. उणे नऊशे नव्याण्णव ही खरीच पातळी धरली प्रोग्रामने. म्हणून उंबरतळी कोरडी दिसतेय.”

“मग?”

एक ओळ दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमली: बंद यंत्रांचे सगळे चौकोन त्याने एका झटक्यात बाजूला काढले. पुन्हा चार सेकंद.

तीच आठ गावं निळी. उंबरतळीच्या जागी आता पांढराही रंग नाही. नुसतं करडं भोक.

“मॅडम, तिथलं उत्तरच येत नाही.” त्याचा आवाज रडवेला झाला. “जुन्या लूपनेही हेच केलं असतं. सोडून पुढे गेला असता. आणि मी म्हणत होतो, एकही सुटत नाही...”

त्याने त्या करड्या भोकावर बोट ठेवलं.

“चारशे माणसं आहेत तिथे. मी काय सांगू काकांना? माहीत नाही म्हणून सांगू?”

“यंत्र बंद कधी पडलं?”

“पावणेबाराला. बॅटरी गेली असेल.”

“शेवटचे आकडे वाच.”

त्याने वाचले. साडेअकरा, दोन मीटर. अकरा पस्तीस, दोन पूर्णांक सात. अकरा चाळीस, तीन पूर्णांक सहा.

पुढे काही नव्हतं.

यशोधनने मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “पण दरवाजे तर बाराला उघडले...”

“ओढ्याला दरवाजे नसतात. यंत्र त्यानेच गिळलं असेल.”

बाहेर पाऊस तसाच कोसळत होता.

मॅडमनी माझ्या हातावरचा हात काढला.

“काका, जे गप्प झालंय, पहिली गाडी तिकडे.”