गेनूबाबानं जोडलेलं एक वाक्य

फार फार वर्षांमागं, प्रवरेच्या काठी बेलठाणात गेनूबाबा राहायचा. डोळ्यांनी आंधळा, पोटासाठी दोर वळायचा. अक्षर एक ठाऊक नाही. पण गावच्या चर्चमधले उपदेशक पवित्र शास्त्र वाचायचे आणि बाबा दोर वळत ऐकायचा, तसं ऐकून ऐकून सगळं शास्त्र त्याला पाठ झालं. असं म्हणतात, चर्चच्या पायरीवर उभा राहून तो वचन म्हणू लागला की पल्याडची गुरं चरायची थांबत.

पुढं उपदेशक वारले. गावात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मग गेनूबाबा बोलेल तेच शास्त्र.

त्या साली तापाची साथ आली. चर्चसमोर राहणाऱ्या विधवा सगुणाची एकुलती लेक रूथ तापानं फणफणली. नदीपल्याड दवाखाना होता. नावाडी होडी लावून थांबला. पण सगुणा आधी बाबाकडं धावली.

"बाबा, माझ्या रूथचं काय लिवलंय शास्त्रात?"

रूथचं शास्त्रात काय लिहिलेलं असणार? पण त्या माउलीचा कापरा आवाज बाबाला ऐकवेना. वचन म्हणायच्याच सुरात तो बोलून गेला, "लिहिलंय, बाई. तिसऱ्या दिवशी ताप उतरेल."

होडी रिकामीच परत गेली. "शास्त्रात हाय, मग पोरीला कशाला हलवू?" सगुणा ज्याला त्याला सांगत राहिली.

तिसऱ्या दिवशी रूथ गेली.

सगुणा लेकीला माती देऊन आली आणि चर्चकडं पाठ करून आपल्या ओट्यावर बसली. "शास्त्र लबाड निघालं," एवढंच म्हणाली. ते बाबाच्या काळजात रुतलं. पोर गेली त्याच्या बोलानं, आणि आळ आला शास्त्रावर. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

रविवारी बाबानं वचन म्हटलं आणि चाचपडत तो पायरीवरून खाली मातीत उतरला.

"सगुणे, वरून म्हटलं ते देवाचं. आता खाली उतरलोय, हे माझं. ताप उतरायचं शास्त्रात नव्हतं गं. ते मी जोडलं."

"म्हाताऱ्या, देवाच्या तोंडात आपला बोल घातलास?" कुणीतरी ओरडलं.

सगुणा लई वेळ रडली. मग पाठमोरीच म्हणाली, "मग खरं काय हाय त्यात, ते तरी सांगा."

बाबा पुन्हा पायरी चढला. मित्राच्या कबरेपाशी प्रभू रडला, ते वचन त्यानं म्हटलं. पुढं एक शब्द जोडला नाही. असं म्हणतात, प्रवरेचं पाणी तेव्हा घटकाभर वाहायचं थांबलं.

"पुन्यांदा म्हणा," सगुणा म्हणाली.

त्यानंतर मरेपर्यंत बाबा आपला असा शब्द बोलला नाही, असं म्हणतात. तहान लागली तरी हातानं खुणावायचा.

बेलठाणात आजही शास्त्र गेनूबाबाच्या पायरीवरून वाचतात, आणि आपलं काही सांगायचं तर खाली उतरून सांगतात. शहरातल्या चर्चचे मोठे पाळक आले तरी तसंच. एखादा विसरून वरूनच बोलत राहिला, तर बायकांतून एखादी म्हातारी हळूच म्हणते,

"खाली उतरा, बाबा."