‘साडे’चा तुरा

ही कथा गेल्या चैत्र पौर्णिमेला, देवगडच्या एका आंबा-बांधणी शेडमध्ये, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या निर्मला बांदेकर यांच्याकडून ऐकण्यात आली.

आंबे मोजणाऱ्या एका यंत्रात पूर्वी भागाकार, गुणाकार आणि वजाबाकी राहत. शेजारच्या यंत्रात ‘शेष’ नावाचे चिन्ह होते. डझनाची खोकी भरून किती आंबे सुटे उरले, हे ते एका दमात सांगे. त्याचे कौतुक ऐकून भागाकाराचा जळफळाट होई.

मालकाने तेच काम या तिघांवर सोपवले. भागाकाराने खोकी सांगायची, गुणाकाराने खोक्यांतले आंबे सांगायचे, आणि वजाबाकीने ते एकूण आंब्यांतून वजा करून उत्तर द्यायचे.

“म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं हिनं!” भागाकार पुटपुटला.

एकशे दोन आंबे आले. “साडेआठ!” तो ऐटीत म्हणाला.

“दादा, अर्धं खोकं कोण बांधतं? तो ‘साडे’चा तुरा उतरवा की,” वजाबाकी म्हणाली.

“तुझ्यासाठी? मुळीच नाही.”

गुणाकाराने साडेआठाची बारापट केली, तर पुन्हा एकशे दोनच आले. वजाबाकीच्या हाती शून्य राहिले. भागाकार मनात हसला. रोज असेच होऊ लागले आणि सुटे आंबे कोपऱ्यात सडू लागले.

“उद्या शेषच आणतो इथं,” मालक वैतागून म्हणाला. “मग भागाकार हवाय कशाला?”

पुढच्या एकशे दोन आंब्यांच्या वेळी भागाकाराने ‘साडे’चा तुरा उतरवला. मग हळूच म्हणाला, “आठ.”

“शहाण्णव,” गुणाकार म्हणाला.

“सहा उरले!” वजाबाकीने खणखणीत सांगितले, आणि शाबासकी तिलाच मिळाली.

तेव्हा भागाकारही “बरोबर आहे” म्हणाला, असे बांदेकर सांगतात. तेवढ्या भागाला मात्र दुजोरा मिळू शकला नाही.