पत्रावळींमधली वाट

“माझ्या लॅपटॉपवर नीट दिसतं, मग इथेच का मोडतं, बुवा?”

शार्दूलला खरंच कळत नव्हतं. मठातल्या नऊशे पोथ्यांची यादी त्याने संगणकात भरली होती. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला की पोथ्यांची नावं चार स्तंभांत उभी राहत.

पण मठाचा पडदा अरुंद. तिथे ओळी तुटत आणि एका नावाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर येई. पोथ्या सांभाळणाऱ्या सगुणाताईंनी सकाळपासून तीन जीर्ण पोथ्यांचे रुमाल उगाच सोडले होते.

“आणखी एक चुकीची पोथी उघडली तर माझी यादीची वहीच बरी,” त्या म्हणाल्या. “पानांचा भुगा होतो रे बाबा.”

“मोठा पडदा आणा,” शार्दूल म्हणाला.

मठात पंगती वाढणारे रखमाजीबुवा हसले. “आधी जेवणं उरकू. सभामंडप आजच सारवलाय, ओला आहे. ओसरीवर पत्रावळींच्या चार रांगा मांड.”

त्याने मांडल्या. दोरी धरल्यासारख्या सरळ.

माणसं बसली. गुडघ्याला गुडघा लागला. बुवा आमटीची बादली घेऊन आले आणि उंबऱ्याशीच थांबले. पाऊल टाकायला जागा नव्हती.

“काय रे, खांद्यावरून उड्या मारत वाढू?”

“तुम्हीच चार म्हणालात.”

“म्हणालो खरा. मी ओसरी कुठे मोजली होती?”

शार्दूलने रांगांकडे पाहिलं.

मग त्याने सगळ्यांना उठवलं. ओसरी पावलांनी मोजली. पंगतीतल्या महिपती पैलवानाची मांडी किती पसरते ते पाहून पत्रावळींतलं अंतर धरलं. दोनच रांगा बसल्या. बाकीचे दुसऱ्या पंगतीला.

हातात एक पत्रावळ उरली होती. तिच्याकडे तो बघत राहिला…

आणि न जेवताच संगणकाकडे गेला.

आता त्याचा प्रोग्रॅम आधी पडद्याची रुंदी विचारू लागला. मग सर्वांत लांब नाव शोधायचा, शेजारी मोकळी जागा सोडायचा, आणि स्तंभ किती ते शेवटी ठरवायचा.

सगुणाताईंनी शब्द टाइप केला. दोनच स्तंभ उमटले. त्यांनी दोन्हींमधल्या रिकाम्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं, हळूहळू खाली नेलं, थांबवलं. एक रुमाल आणून सोडला. पहिलं पान वाचलं. पोथी हवी तीच होती.

त्यांनी वही फळीवर ठेवली.

शार्दूल अजून त्या पट्टीकडेच पाहत होता. “इतकी जागा रिकामी गेली, बुवा.”

बुवांनी त्याच्यापुढे पत्रावळ मांडली आणि बादली उचलली.

“आमटी तिथूनच येते, बाळा.”