न झालेल्या प्रवासाचा दुखवटा

जगभर साथ पसरू लागली, त्या वर्षीच्या फाल्गुनातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात रत्नाकर नावाचा एक भांड्यांचा व्यापारी राहत होता. वय पन्नाशीच्या आसपास. घरात वृद्ध आई, पत्नी शैलजा आणि बारावीची परीक्षा देणारी मुलगी ईश्वरी. दर गुरुवारी संध्याकाळी दुकान नोकरावर सोपवून तो शाळेतल्या आपल्या संस्कृतच्या गुरुजींकडे जाई आणि त्यांच्यासमवेत तासभर काही वाची. शाळा सुटून तीस वर्षे लोटली, तरी हा नेम सुटला नव्हता. गुरुजी ऐंशीच्या घरात होते आणि त्याच आळीत, चार घरे पलीकडे एकटे राहत होते.

त्या वर्षी रत्नाकरने एक मोठे काम मनावर घेतले होते. आयुष्यात प्रथमच तो कुटुंबाला परदेशी नेणार होता, युरोपातल्या बर्फाळ डोंगरांच्या देशात, पुरते बारा दिवस. पारपत्रे झाली, व्हिसा झाला. आईसाठी लोकरीचे पायमोजे आले, कानटोपी आली. चार नव्या बॅगा दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. परीक्षा संपली की आठ दिवसांत निघायचे, असे ठरले होते.

आणि मग बातम्या येऊ लागल्या. प्रथम त्या फार लांबच्या होत्या. नंतर ज्या शहरात त्यांचे विमान उतरणार होते, त्याच शहराचे नाव कानांवर पडू लागले. एके दुपारी प्रवासी कंपनीतून दूरध्वनी आला. पलीकडची मुलगी अत्यंत नम्र स्वरात म्हणाली, “काका, सहल रद्द झाली आहे. नवीन तारीख सध्या सांगता येणार नाही.”

रत्नाकरने “बरं” म्हटले आणि फोन ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी घरी मात्र तो म्हणाला, “सहल पंधरा दिवस पुढे गेली आहे.”

असे का म्हणालो, हे त्याचे त्यालाही उमगले नाही. पण एकदा म्हटल्यावर ते टिकवणे भाग होते. ईश्वरी विचारी, “बाबा, काही कळलं?” तो म्हणे, “कळेल.” शैलजा विचारी, “बॅगा आत ठेवू का?” तो म्हणे, “राहू दे.” दर पाऊण तासाने तो फोन उघडून पाही. कोणत्या देशाने सीमा बंद केल्या, किती माणसे दगावली, कोणती विमाने थांबली. रद्द झालेली सहल पुन्हा कुठून तरी उगवेल, असे काहीतरी तो त्यात शोधत होता. आई सकाळी चहा पिताना खोकली की त्याचा हात थांबे. एकदाच खोकली की दोनदा, हे तो मनात धरून ठेवी.

घरातली हवा बिघडत गेली. आई जेवताना बोलेनाशी झाली. शैलजाच्या हातून भांडी आपटू लागली. एके दिवशी जेवताना ईश्वरी म्हणाली, “माझ्या वर्गातल्या सगळ्यांना सांगून बसलेय मी.” तेव्हा रत्नाकर तिच्यावर खेकसला, “जगात माणसं मरताहेत आणि तुला वर्गाचं पडलंय.” मुलगी उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतले. आपण योग्य तेच बोललो, असे त्याला वाटत होते. तरीही त्याने ताट अर्धेच सोडून हात धुतला.

त्या गुरुवारी तो गुरुजींकडे गेला, पण वाचनात लक्ष लागेना. एकच ओळ त्याने तीनदा वाचली. गुरुजींनी पुस्तक मिटले.

“जाणं होणार नाही, हे तुला कधी कळलं?” त्यांनी विचारले.

रत्नाकर चपापला. “आठ दिवस झाले. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. जाणारा माणूस असा दिसत नाही. घरी सांगितलंस?”

“पुढे ढकललंय असं सांगितलंय. गुरुजी, आईला बर्फ बघायचा होता हो. किती वर्षं बोलून दाखवायची. तिला कोणत्या तोंडानं सांगू? आणि आता या सगळ्यात सहलीचं दुःख करत बसायचं म्हणजे... लाज वाटते.”

गुरुजी त्याला निरोप देताना एवढेच म्हणाले, “उद्या सकाळी घरी आहेस ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास फाटक वाजले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, नाकातोंडावर उपरणे गुंडाळलेले, अशा वेशात गुरुजी अंगणात आले. त्यांनी पायऱ्यांपासून दूर, पारिजातकाखालची खुर्ची ओढून घेतली आणि मान खाली घालून ते स्तब्ध बसले.

“या गुरुजी, वर या,” रत्नाकर दारातून म्हणाला.

“इथेच ठीक आहे.”

“चहा ठेवते,” शैलजा आतून म्हणाली.

“नको. अशा वेळी चहा घेत नसतात.”

शैलजा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नवऱ्याकडे पाहू लागली. गुरुजी तसेच बसून होते. ज्या घरी कुणी गेले आहे, त्या घरी माणसे जशी येऊन बसतात, तसे. पाच मिनिटे गेली, दहा गेली. समोरच्या घरातल्या सदाफुलेबाई सज्ज्यात आल्या. पांढऱ्या वेशातले गुरुजी आणि दारात उभा रत्नाकर, हे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं हो?” त्यांनी पदर तोंडाला लावून विचारले. “आजी बऱ्या आहेत ना? साथीतलं तर काही नाही?”

जे रत्नाकर आठ दिवस मनातल्या मनातही उच्चारत नव्हता, ते भर सकाळी आळीत उच्चारले गेले होते. इतक्यात आई काठी टेकत बाहेर आली.

“मी आहे गं अजून,” ती सदाफुलेबाईंना म्हणाली. मग तिने गुरुजींकडे वळून विचारले, “गुरुजी, तुम्ही आमच्याकडे दुखवट्याला आलात का?”

“हो, वहिनी.”

“कोण गेलं आमचं?”

“रत्नाकर सांगेल.”

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. ईश्वरीही आतून येऊन चौकटीशी उभी राहिली होती. सांगायचे तीनच शब्द होते, पण ते ओठांशी येईनात.

“सहल रद्द झालीय,” अखेर तो म्हणाला. “पुढे ढकललेली नाही. आठ दिवसांपूर्वीच रद्द झाली. मी खोटं बोललो.”

गुरुजींनी मान वर केली आणि ईश्वरीला मृदू स्वरात विचारले, “बाळ, तुझं काय गेलं यात?”

“काही नाही,” ती म्हणाली. मग एकदम बोलू लागली. “मी जूनपासून होस्टेलला जाणार. मग मी सुट्टीपुरती यायची. आम्ही चौघं एका खोलीत राहणार होतो, बारा दिवस. आजी रात्री घोरते म्हणून आम्ही हसणार होतो. मला डोंगरबिंगर काही नको होते.”

“अगं, पण लोक तिकडे...” रत्नाकर बोलू लागला. गुरुजींनी हात किंचित उचलला आणि तो गप्प झाला.

शैलजाला कुणी विचारले नव्हते. ती आपणहूनच बोलली. “बावीस वर्षं झाली. रोज सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार येतो, आज भाजी काय करायची. बारा दिवस तो येणार नव्हता. दुसरं कुणीतरी ताट पुढे ठेवणार होतं. एवढंच होतं माझं.” ती हसायला गेली आणि पदराने डोळे पुसू लागली. तिने हे मनात धरले असेल, याची रत्नाकरला पुसटशीही कल्पना नव्हती.

मग तो आईकडे वळला. तिच्याकडे पाहण्याचे धाडस त्याला होत नव्हते. “आई, मला माफ कर. तुला बर्फ दाखवायचा राहिला.”

आई पायरीवर बसली. काठी तिने मांडीवर आडवी ठेवली. बराच वेळ ती बोटांनी काठीची मूठ चोळत राहिली.

“रत्ना, मला विमानाची भीती वाटते रे,” ती म्हणाली. “फार भीती वाटते. बर्फाचं मी कधीतरी टीव्ही बघताना बोलले असेन. तू एवढ्या हौसेनं सगळं केलंस, मोजे आणलेस, मला नाही म्हणवेना. रोज देवाला म्हणायची, काहीतरी होऊ दे आणि हे जाणं टळू दे. आणि मग ही साथ आली.” तिचा आवाज खाली गेला. “मला वाटलं, माझ्यामुळेच आली. एवढी माणसं मरताहेत. मला अन्न गोड लागेना.”

रत्नाकर तिच्याकडे पाहतच राहिला. आठ दिवस ही बाई जेवताना गप्प होती, ती या ओझ्याखाली. आणि तो समजत होता, ती सहलीसाठी झुरते आहे. तिचा प्रत्येक खोकला तो कान देऊन ऐकत होता, पण हे ऐकले नव्हते.

तो खाली तिच्या शेजारी बसला. “तुझ्यामुळे कशी येईल गं साथ,” तो म्हणाला. मग त्याला वडील आठवले. “आई, मला बर्फाचंही काही नव्हतं. अण्णा गेले तेव्हा मी दुकानात होतो. नेहमी म्हणायचो, हंगाम संपू दे, मग त्यांना कुठेतरी नेईन. या वर्षी तुला नेलं नाही तर... मला वाटतं वेळच उरला नाही. रोज तेच वाटतं.”

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “वेळ किती आहे, ते मला तरी कुठे ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण आहे तोवर मी इथेच आहे. तू दुकानातून जरा लवकर येत जा.”

त्या अंगणात चौघे बराच वेळ बसून होते. कुणी कुणाची समजूत घातली नाही. मग गुरुजी उठले. “येतो” असे न म्हणता, दुखवट्याच्या घरातून जावे तसे, ते फाटक लोटून निघून गेले.

पुढचा गुरुवार येईपर्यंत गाव बंद झाले. दुकानाला कुलूप लागले, रस्ते ओस पडले, आळीच्या तोंडाशी बांबू आडवे आले. चिंता गेली नव्हती. रत्नाकर अजूनही आईचा खोकला ऐकत होता. पण आता तो तिला विचारत होता, “घसा दुखतोय का?” आणि ती सांगत होती, “नाही रे, मिरचीचा ठसका.” ईश्वरी आजीच्या खोलीत झोपू लागली होती.

गुरुजींना दूध आणि भाजी पोचवायला रत्नाकर सकाळी त्यांच्या दाराशी गेला. पिशवी उंबऱ्यावर ठेवून तो दूर सरला. गुरुजी खिडकीशी येऊन बसले.

“गुरुजी, एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही घरी येऊन सरळ सांगितलं असतंत, तर चाललं नसतं का? सदाफुलेबाई अजून माझ्याकडे संशयाने बघतात.”

गुरुजी किंचित हसले. “मी तुझं सांत्वन करायला आलो असतो, तर तू काय म्हणाला असतास? लोक मरताहेत, आमच्या सहलीचं काय घेऊन बसलात. बरोबर?”

“बरोबर.”

“शेजारच्या घरी मोठं दुःख असलं की आपल्या घरातल्या लहान दुःखाला दारात यायची लाज वाटते. पण ते घरातून जात नाही, रत्नाकर. ते माजघरात बसून राहतं. तिथे त्याची भांडणं होतात, अबोला होतो, आणि तुझ्या आईसारख्या भल्या माणसाच्या मनात त्याचं पाप होतं. ज्याचं जे गेलं, ते गेलं म्हणून एकदा म्हणू द्यावं. लहान दुःखाला दुखवटाही लहानच पुरतो. एक सकाळ पुरते. पण ती द्यावी लागते.”

रत्नाकरने मान डोलावली. निघावे म्हणून तो वळणार, तोच खिडकीतून त्याला आतली खोली दिसली. गुरुजींच्या खाटेशेजारी आणखी एक खाट मांडलेली होती. तिच्यावर नवी कोरी चादर अंथरली होती, आणि उशाशी एक अगदी छोटी उशी होती, पिवळ्या अभ्र्याची.

“कुणी येणार होतं का, गुरुजी?”

गुरुजींनी मागे वळून खाटेकडे पाहिले. “आमचा माधव येणार होता, परदेशातून. वैशाखात. नातवाला घेऊन. तो चार वर्षांचा झाला. मी अजून त्याला पाहिलेला नाही.”

“तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत.”

“त्या दिवशी मी तुझ्याकडे आलो होतो.”

पुढच्या वर्षी येतील, काही काळजी करू नका, असे शब्द रत्नाकरच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने मागे घेतले. निघण्याऐवजी तो अंगणातल्या दगडावर, खिडकीकडे तोंड करून बसला.

“नाव काय त्याचं?” त्याने विचारले.

गुरुजींनी नाव सांगितले, आणि मग त्यांना पुढे बोलवेना. रत्नाकर थांबला. घाई कुणालाच नव्हती.