परक्याचा हात

समुद्राच्या काठी एका गावात एक देव होता, आणि तो त्या गावचा नव्हता. फार मागे कधीतरी भरतीबरोबर काळ्या लाकडाचा एक ओंडका वाहत आला आणि किनाऱ्याच्या वाळूवर, पुळणीवर येऊन थांबला. गावातल्या गड्यांनी जोर लावला, पण तो काही हलेना. तेवढ्यात कुठूनसा एक वाटसरू समुद्र बघायला आला. त्यानं सहज हात लावला, आणि ओंडका हलका झाला. गावानं त्या ओंडक्यालाच देव मानून देऊळ बांधलं आणि देवाचं नाव ठेवलं पावणोबा. पाहुणा म्हणून आलेला, म्हणून पावणोबा.

तेव्हापासून गावात एक रीत पडली. माघी पौर्णिमेला सकाळच्या ओहोटीला पावणोबाची पालखी समुद्रस्नानाला न्यायची. स्नान झालं की ती ओल्या वाळूवर टेकायची. मग पुळणीवर जो कुणी परगावचा असेल त्यानं दांड्याला हात लावायचा, आणि मगच गावकऱ्यांनी पालखी उचलायची. तो कोण, कुठला, कुठल्या देवाला मानणारा, हे विचारायचं नाही. परक्यांचा तोटा कधी नव्हताच. पुळण म्हणजे सगळ्यांचं अंगण. कुणी मासळी वाळवायचं, कुणी लेकरांना पाण्यात बुचकळून काढायचं, कुणी नुसतंच बसायचं. त्यामुळे ही रीत अवघड आहे असं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

पावणोबाचा मानकरी होता धाकोजी. माणूस मनानं वाईट नव्हता, पण त्याची भक्ती जरा कडक होती. त्याला वाटायचं, ही देवाची न्हाणी, आणि इथे मासळीचा वास? इथे शिळ्या भाकरीचे तुकडे? एक दिवस त्यानं देवळात गाव जमवला आणि सांगितलं, "पुळण देवाची. इथे बाहेरच्याचा पाय नको." लोकांनी माना डोलावल्या. देवाच्या नावाला नाही कोण म्हणणार? माडाच्या झावळ्यांचा उंच कूड उभा राहिला, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत. मधे येण्याजाण्यापुरतं एक बेडं, म्हणजे झावळ्यांचंच फाटक ठेवलं, आणि ते धाकोजी स्वतः सुंभानं बांधायचा.

पुळण मग स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ, की बघवेना. कुर्ल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालायच्या, ती दिवसभर तशीच राहायची. लाट यायची, कुणाच्या पायाला न लागता जरा घुटमळायची आणि ओशाळल्यासारखी परत जायची. मासळीवाल्यांनी आपल्या होड्या कड्यापलीकडे नेल्या. बाहेरगावी बातमी पसरली, आणि त्या वाटेला कुणी फिरकेनासं झालं. धाकोजी मात्र खूश होता. एकटाच पुळणीवर बसायचा आणि म्हणायचा, "आता कसं देवाला बरं वाटत असेल!" देवाला विचारलं होतं म्हणता? छे हो.

माघी पौर्णिमा आली. सकाळी धुकं असं दाटलं होतं, की आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळू नये. पालखी नुकतीच आत पुळणीवर गेली होती, आणि धाकोजी बेड्यापाशी उभा होता. तेवढ्यात धुक्यातून दोन बायका आल्या. पुढे मैना, आणि तिचा हात धरून तिची आई हौसाआजी. घाटावरून आल्या होत्या. म्हातारीच्या डोळ्यांत पडदा उतरत चालला होता, आणि तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सगळं काळं व्हायच्या आत तेवढं एक बघायचं, हा एकच ध्यास घेऊन ती डोंगर उतरली होती.

धाकोजीनं हात आडवा केला. "आजी, ही देवाची जागा आहे. परक्यांना मनाई."

"आरं लेकरा, समिंदर बी तुमचाच व्हय?"

"समुद्र देवाचा."

"मग देवाला इचार की."

"देव स्नानाला निघालाय. आता कुठला वेळ विचारायला?" असं म्हणून त्यानं आतून बेडं ओढलं आणि सुंभाची घट्ट गाठ मारली.

म्हातारी भांडली नाही. कुडाला पाठ लावून एका उंडीच्या झाडाखाली बसली. पलीकडून गाज येत होती. ती कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "मैने, काय दिसतंय गं?"

मैनेनं फटीला डोळा लावला. "कूड दिसतोय, आये," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

इकडे ढोल वाजले, पावणोबाचं स्नान झालं. पालखी ओल्या वाळूवर टेकली. धाकोजीनं सवयीनं हाक दिली, "कोण आहे परगावचा? यावं, हात लावावा!"

कुणी आलं नाही. सगळी पुळण मोकळी, आणि होते ते सगळे गावचेच. तेव्हा कुठे धाकोजीनं वळून कुडाकडे बघितलं.

"राहू दे रीत, उचला!" तो म्हणाला. गड्यांनी खांदे लावले. पालखी जागची हलेना. कुणीतरी अक्कल लढवली, "शेजारच्यांचा जावई आलाय, त्याला आणा. जावई म्हणजे परकाच की!" जावईबापूंना पुढे केलं. पण चार दिवस सासुरवाडीचं जेवून सुस्तावलेला माणूस कसला परका? पालखीनं त्याला दाद दिली नाही. तोवर भरती लागली होती. पाणी घोट्याशी आलं, मग गुडघ्याशी आलं. काळा पावणोबा पालखीत हळूहळू झुलायला लागला, आल्या वाटेनं परत निघाल्यासारखा.

धाकोजीला भडभडून आलं. आज्यानं सांभाळला, बापानं सांभाळला, आणि आपल्या हातून देव चालला! तो बेड्याकडे धावला. पण सुंभ धुक्यानं भिजून आवळलं होतं. स्वतःच मारलेली गाठ सुटेना. शेवटी त्यानं अंगानंच कूड पाडला आणि झावळ्यांसकट म्हातारीच्या पुढ्यात जाऊन पडला.

"आजी, चला. तुमच्यावाचून अडलंय."

मैना उसळली. "मघाशी परकी म्हनून हाकललंत, आता परकी म्हनूनच बोलावताय? लाज न्हाई वाटत?"

धाकोजीनं मान खाली घातली. "वाटते गं बाई," तो म्हणाला. "फार वाटते."

"गप, मैने," हौसाआजी उठत म्हणाली. "पावण्याला बुडू द्यायचं नसतं."

पाडलेल्या कुडावरून ती पुळणीवर आली, आणि मधेच थांबली. धुकं फाटत होतं. मिणमिणत्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच, की पुढे सगळं उजेडच उजेड आहे आणि तो हलतोय. "आगं बया!" ती म्हणाली. "केवढं हे! आन् आडवलं कसं रं तुम्ही?" पाणी चढत होतं, पण तिला घाई कर म्हणायचा धीर धाकोजीला झाला नाही. तोही तिच्याशेजारी उभा राहून बघू लागला. रोज बघत होता, तरी आज पहिल्यांदा दिसल्यासारखं त्याला वाटलं.

मग म्हातारी पाण्यात उतरली. चाचपडत तिनं दांड्यावर हात ठेवला, आणि पालखी कापसाच्या गाठोड्यासारखी वर आली.

त्या दिवशी कुडाच्या सगळ्या झावळ्या चुलीत गेल्या आणि त्यावर पाहुण्यांचा भात शिजला. मासळीवाले होड्या घेऊन परतले. बेड्याच्या जागी धाकोजी पाण्याची घागर घेऊन बसू लागला. येईल त्याला पाणी द्यायचा, आणि गाव मात्र कुणाला विचारायचा नाही.

पुढच्या माघात मैना आईला घेऊन पुन्हा आली. म्हातारीचे डोळे आता पुरते गेले होते. घागरीपाशी थांबून तिनं विचारलं, "कूड हाय का रं लेकरा?"

"नाही, आजी."

"मग दिसतोय मला समिंदर," ती म्हणाली, आणि एकटीच पुढे चालत गेली.

तात्पर्य: देवाच्या नावानं समुद्राची वाट कधी अडवू नये. परक्याला बाहेर ठेवणाऱ्या कुडाआड देवही राहत नाही.