नवरदेवाचा आ

फार वर्षं झाली, किती ते मोजायला आता कुणी उरलं नाही. डोंगरातल्या आंबेखोलात झिमाबाई नावाची एक गवळण होती. म्हशीनं नुसती मान हलवली तरी तिचं काय दुखतंय ते झिमाबाईला कळायचं, असं म्हणतात.

गावच्या पाटलांची लेक सरजा. तिचं लग्न चार दिवसांवर आलं आणि ती रक्त थुंकू लागली. वैद्यानं नाडी धरली आणि क्षय सांगून मोकळा झाला. नवऱ्याकडचा निरोप आला, की परवा येऊन पोरीला बघतो, मगच काय ते ठरवू. पाटलांच्या घरात चूल पेटेना.

झिमाबाई दूध घालायला आली, तेव्हा सरजा रडत बसली होती. झिमाबाईनं खोकला, ताप विचारला. दोन्ही नव्हतं. घशात काहीतरी वळवळतं, असं सरजा कधीची सांगत होती, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग पाणी कुठलं प्यालीस, असं विचारल्यावर पोर लाजली. रानात तहान लागली म्हणून तिनं डबक्यालाच तोंड लावलं होतं.

"पाटील, ह्यो क्षय न्हाई, जळू हाय," झिमाबाई म्हणाली. "माज्या म्हशींना दर साली व्हतं."

लेकीला म्हशींच्या पंगतीला बसवलं म्हणून पाटील लालबुंद झाले. पण दुसरा उपाय होता कुणाकडे?

परवाचा दिवस उजाडला. झिमाबाईनं सकाळपासून सरजाचं पाणी तोडलं, वर खारवलेल्या कैऱ्या खायला घातल्या. भर दुपारी नवरदेवासकट पाहुणे दारात आले, तेव्हा सरजा उन्हात आ करून बसली होती आणि तोंडापुढे गार पाण्याची परात होती. प्यायचं मात्र नाही. पाण्याच्या ओढीनं जळू हळूच डोकावली. झिमाबाईनं मीठ लावलेल्या चिमटीत ती धरली आणि ओढली. ती संपता संपेना. तुळशीला वेढा घालून गोठ्यापर्यंत गेली, असं म्हणतात.

रक्त थांबलं. सरजा तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि हसली. पाटील सगळ्यांदेखत झिमाबाईच्या पाया पडले. पाहुणेही, मग लग्न ठरलंच, म्हणत पुढे झाले. झिमाबाईनं हात आडवा धरला.

"पोरीचं त्वांड समद्यांनी बगितलं. आता नवऱ्याचं बगू."

नवरदेवानं आ केला. दोन दाढा किडलेल्या निघाल्या. सरजानं वाकून पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "चालंल."

आंबेखोलात आजही अंतरपाट धरण्याआधी नवरदेव गवळणीपुढे आ करतो. वरमाय श्वास रोखून बघते, आणि नवरीनं "चालंल" म्हटल्याशिवाय भटजी मंगलाष्टकं सुरू करत नाहीत.