फेटा बांधलेलं बुजगावणं

खूप पूर्वीची, नदीवर पूल नव्हते आणि माणसांना घाई नव्हती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरा जवळ सरकून ऐकावी.

एका नदीकाठी दोन गावं होती. एक वरचं, एक खालचं. दोघांत मिळून बंधारा एकच. उन्हाळा लागला की बंधाऱ्यात पाणी उरायचं थोडं आणि तहानलेली शेतं दोन्ही गावांची. मग पहिली पाळी कोणाची? यावरून डोकी फुटायला लागली, तेव्हा जाणत्या माणसांनी एक तोड काढली. होळी झाली की दोन्ही गावांनी आट्यापाट्या खेळायच्या. जिंकेल त्या गावाच्या शेतांना पाणी आधी. हरेल त्यानं उरल्यासुरल्यावर भागवायचं.

आट्यापाट्या म्हणजे काय, ते हल्लीच्या पोरांना सांगायला हवं. मैदानावर राखेनं आडव्या रेषा आखायच्या, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक गडी पहाऱ्याला. या सगळ्या पाट्यांना मधोमध छेदणारी एक उभी रेघ असते, तिच्यावर धावणाऱ्या पहारेकऱ्याला सूर म्हणतात. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी या सर्वांना हुलकावण्या देत पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. अंगाला हात लागला की बाद. जो कोणाच्या हाती न लागता परत येईल त्यानं लोण आणलं. ज्यांची लोणं जास्त, ते जिंकले.

वरचं गाव दर वर्षी जिंकायचं. तिथली माणसं उंच, पाय लांब, छाती भरदार. आणि त्यांना तयार करणारा एक वस्ताद होता. केस पांढरे, एक गुडघा कुरकुरणारा, पण गड्यानं पाय उचलायच्या आत तो कुठं टाकणार हे ओळखायचा.

एका वर्षी जिंकल्यावर गावजेवण बसलं होतं. वस्तादाचा सगळ्यात लाडका गडी म्हणजे हैबती. त्याचं पोट भरलं होतं आणि डोकंही जरा जास्तच भरलं होतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "वस्ताद, खरं सांगा, पळतं कोण? आम्ही. घाम कोणाचा? आमचा. तुम्ही तर कडेला बसून नुसते ओरडता. आमच्यासारखे गडी असल्यावर तुमच्या जागी बुजगावणं उभं केलं तरी आम्ही जिंकू!"

पंगत खो-खो हसली. वस्ताद हसला नाही. त्याच्या पानातला लाडू तसाच राहिला.

"असं?" तो म्हणाला. "मग माझंही ऐक. माझ्यासारखा वस्ताद असल्यावर गडी कुठले का असेनात! खालच्या गावचे गडी घेऊन मी तुम्हाला हरवून दाखवीन."

वरच्या गावच्या पाटलाला गंमत हवीच होती. "होऊन जाऊ दे!" म्हणत त्यानं मांडीवर थाप मारली. झालं. बोललेला शब्द मागं कसा घ्यायचा? दुसऱ्याच दिवशी वस्तादानं बायकोला, सगुणेला, सामान बांधायला सांगितलं.

"बढाई तुम्ही मारायची आणि चूल मी उचलायची!" सगुणा म्हणाली. पण तवा, लाटणं, परात सगळं गाठोड्यात घालून ती निघाली.

खालच्या गावानं त्यांना वाजतगाजत आणलं. गावचा म्हातारा कारभारी हात जोडून म्हणाला, "वस्ताद, पाणी आमच्यापर्यंत येतं तोवर बंधाऱ्यात चिखल उरलेला असतो. आमची वांगी फुलावर येतात आणि माना टाकतात. तुम्ही आलात, आता ती जगतील." त्याच्या डोळ्यांत असा काही भरवसा होता की वस्तादानं नजर दुसरीकडे वळवली. आतापर्यंत पैज त्याच्या अब्रूची होती. त्या दिवसापासून ती त्या वांग्यांचीही झाली.

खालच्या गावची माणसं बुटकी, रुंद खांद्यांची. कोणी मेंढरं राखणारा, कोणी मडकी करणारा. लांब ढांग टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. वस्तादानं मात्र आजवर जे शिकवलं होतं तेच शिकवायला घेतलं. "खांदा टाक! झेप घे! अजून लांब!" बिचारे झेप घ्यायचे आणि पोत्यासारखे पडायचे. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा.

"अरे, वरच्या गावची पोरं हे झोपेत करायची!" वस्ताद कपाळावर हात मारायचा.

हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा की खालच्या गावची शेंबडी पोरंसुद्धा एकमेकांना तेच म्हणून चिडवायला लागली. आणि गडी? ते खाली मान घालून अंगावरची माती झटकायचे.

होळी झाली. वरच्या गावचे गडी मैदानात उतरले ते खांद्यावर खरोखरीचं बुजगावणं घेऊन! त्याला जरीचा फेटा बांधलेला, कपाळी टिळा लावलेला. ते त्यांनी वस्तादाच्या जुन्या जागेवर रोवलं. आणि खरं तेच सांगायला हवं, ते जिंकले. चांगले दणदणीत जिंकले. कसलेले पाय एका वर्षात कसब विसरत नाहीत.

त्यांनी बुजगावण्याच्या गळ्यात हार घातला. हैबती वस्तादाला ओरडून म्हणाला, "आमच्या नव्या वस्तादांना रामराम करा की! तुमच्याहून बरे आहेत. खात नाहीत, ओरडत नाहीत!"

त्या उन्हाळ्यात खालच्या गावात पुन्हा चिखलच आला. कोणी वस्तादाला एका शब्दानं बोललं नाही. उलट कारभाऱ्यानं रीतीप्रमाणे भाजीची टोपली पाठवली. टोपलीत वांगी होती. अंगठ्याएवढी, सुरकुतलेली. वस्तादाला हैबतीचा टोमणा झोंबला नव्हता इतकी ती वांगी झोंबली.

तिन्हीसांजेला तो चुलीपुढं बसला आणि ताट सरकवून म्हणाला, "आपल्याच्यानं होणार नाही. या गड्यांत दमच नाही गं."

आता नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला पडावं? पण चुलीपुढचं बोलणं शेजारी ऐकू जातंच. सगुणा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "इथं आल्या आल्या मी काय केलं होतं, आठवतं का?"

"काय?"

"वरच्या गावात गहू. सारा जन्म मी पोळ्या लाटल्या. माझ्यासारखी पोळी पंचक्रोशीत कोणाची नव्हती, तुम्हीच म्हणायचात. इथं ज्वारी. मी आपली घेतलं लाटणं आणि बसले लाटत. नुसते तुकडे! मग काय, ज्वारीला शिव्या घातल्या. दळणाऱ्या जात्याला घातल्या. तेवढ्यात शेजारीण डोकावली. तिला मेलीला दुसऱ्याच्या चुलीत डोकवायची सवयच आहे. म्हणाली, 'अगं बाई, ही लाटायची नसते, थापायची असते!'"

वस्तादानं चुलीत एक काटकी सरकवली.

"मग माझा इतक्या वर्षांचा हात वाया गेला का?" सगुणेनं भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. "नाही गेला. पाणी किती, तवा कधी तापला, कधी उलटायची, हे सगळं या हाताला माहीतच होतं. फक्त लाटणं बाजूला ठेवावं लागलं. तुम्ही अजून लाटणंच घेऊन बसलाय. आणि वर ज्वारीलाच सांगताय, गहू बघ कसा छान लाटला जायचा!"

भाकरी टम्म फुगली. वस्तादानं सरकवलेलं ताट पुन्हा ओढून घेतलं आणि तो पोटभर जेवला.

सकाळी तो मैदानावर गेलाच नाही. बिरू नावाचा मेंढपाळ त्याच्या गड्यांतला होता, त्याच्यामागं तो माळावर गेला. एक दांडगा मेंढा कळपातून फुटला. बिरू काही धावला नाही. चार पावलं आडवा गेला, उभा राहिला. मेंढा डावीकडे वळला तर बिरू तिथं. उजवीकडे वळला तर तिथं. शेवटी मेंढा आपण होऊन कळपात शिरला.

"अरे, तू त्याच्यामागं पळाला कसा नाहीस?" वस्तादानं विचारलं.

"पळून काय करू, वस्ताद? त्याला पाय चार, मला दोन. त्याला जायचं असतं तिथं मी आधीच जाऊन उभा राहतो."

वस्ताद मटकन दगडावर बसला आणि गुडघा धरून हसत सुटला. हेच तर तो आयुष्यभर ओळखत आला होता, गडी पाऊल कुठं टाकणार ते! आणि हे कसब अंगात असलेल्या माणसाला तो वर्षभर झेपा घ्यायला लावत होता.

तिथून तो कुंभाराच्या अंगणात गेला. कुंभारही त्याच्या गड्यांतलाच. चाकावर माती फिरत होती आणि कुंभाराचे हात जागच्या जागी. वेळ झाल्याशिवाय बोटसुद्धा हललं नाही. वस्तादाच्या मनात आलं, या माणसाला हुलकावणी कोण देणार?

त्या दिवसापासून शिकवणं पालटलं. बिरू झाला सूर. कुंभार शेवटच्या पाटीवर. वस्ताद त्यांना म्हणायचा, "शिवायला धावू नका. वाट बंद करत या. गडी आपसूक कोंडीत सापडेल." आणि पळायची पाळी आली की सगळ्यांनी मेंढरांसारखं एकदम एकाच फटीत घुसायचं. पहारेकरी एकाला शिवतो तोवर बाकीचे पार! तो ओरडायचा पूर्वीसारखाच, पण 'वरच्या गावची पोरं' हे शब्द पुन्हा त्याच्या तोंडून आले नाहीत. गडी मान वर करून चालायला लागले.

पुन्हा होळी झाली. दोन्ही गावं मैदानाभोवती उलटली. बुजगावणं नवा फेटा बांधून आपल्या जागी उभं होतंच.

सुरुवात वरच्या गावानंच जोरात केली. हैबतीनं वाऱ्यासारखी लोणं आणली. "वांगी विकत घ्या, वांगी!" त्यांच्या बाजूची पोरं ओरडली. पण खालच्या गावचे गडी पळायला लागले आणि हसणं विरलं. असा कळपानं खेळ कोणी पाहिलाच नव्हता! वरचे पहारेकरी भांबावले. एकाच गड्याला दोघं शिवले आणि चौघं निसटले. बघता बघता बरोबरी झाली आणि खालचं गाव एका लोणानं पुढंही गेलं.

शेवटची पाळी वरच्या गावाची. एक लोण आणलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली तर पाणी आधीच्या विजेत्यांकडे राहायचं, असा रिवाज होता. कारभाऱ्यानं डोळे मिटून घेतले.

बिरू मधल्या रेघेवर आडवा सरकू लागला. पाट्यांवरचे गडी वाटा बंद करू लागले. वरच्या गावचे उंचेपुरे गडी एकेका चौकोनात कोंडले गेले. असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. आता काय करायचं?

"तू पुढं हो!"

"मी का? तूच हो, मोठा आलास!"

"मला शिकवू नकोस!"

भांडता भांडता सगळ्यांच्या माना सवयीनं मैदानाच्या कडेला वळल्या. अशा वेळी तिथून एक खणखणीत शब्द यायचा आणि वाट दिसायची. तिथं बुजगावणं उभं होतं. त्याच्या जरीच्या फेट्यावर एक कावळा बसला होता.

एकेक करत गडी बाद झाले. हैबती तेवढा राहिला. तो खरोखरच फार चांगला गडी होता. तो एकटा पलीकडे गेला आणि पाट्या ओलांडत परतही आला. आता शेवटची पाटी. पाटीवर कुंभार, मधल्या रेघेवर बिरू.

हैबतीनं उजवा खांदा टाकला. काय हुलकावणी होती ती! सारं मैदान उजवीकडे झुकलं. पण कुंभार हलला नाही. ही हुलकावणी शिकवली कोणी होती? वस्तादानंच. खांदा उजवीकडे गेला की पाय डावीकडे निघणार, हे त्यानं आपल्या गड्यांना घोकून घोकून सांगितलं होतं. हैबती डावीकडे झेपावला, तर बिरू तिथं आधीच उभा. त्यानं मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा अलगद हात हैबतीच्या पाठीवर ठेवला.

मग जो गलका उठला म्हणता! हलग्या कडाडल्या, टोप्या उडाल्या. बायकांनी बिरूवर आणि कुंभारावर गुलालाची परात रिकामी केली. कारभारी लहान मुलासारखा रडत नाचत होता. वस्तादाला खांद्यावर उचललं तेव्हा तो ओरडत होता, "अरे गुडघा, माझा गुडघा!" पण त्याला खाली उतरायचं होतं असं काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी बंधाऱ्याची फळी उघडली. पाणी पाटातून खळाळत खालच्या गावाकडे निघालं आणि पोरं त्याच्या पुढं पुढं धावत सुटली.

हैबती आला आणि वस्तादाच्या पाया पडला. "वस्ताद, मग आम्ही जिंकायचो ते आमच्यामुळं नव्हे ना?"

वस्तादानं त्याला उठवून जवळ घेतलं. "तुमच्यामुळंही होतंच रे. चांगल्या गव्हाशिवाय पोळी होत नाही, आणि मी म्हणत होतो माझ्या हातानंच ती होते. तू अर्धा चुकलास, मीही अर्धा चुकलो. मला ते एका टोपलीभर वांग्यांनी शिकवलं."

वरच्या गावचा पाटील म्हणाला, "मग चला माघारी. घर झाडून ठेवलंय."

उत्तर सगुणेनं दिलं. "नको हो पाटील. आत्ता कुठं ज्वारी हाताला बसलीय. तुम्ही तुमचा वस्ताद शोधा. तोंड असलेला बघा, म्हणजे झालं."

वरच्या गावानं तसा शोधला, आणि पुढं दोन्ही गावांचे सामने असे रंगू लागले की लांबलांबून लोक बघायला येत. बुजगावण्याचा फेटा उतरवून त्याला शेतात उभं केलं. तिथं ते आपलं काम चोख करू लागलं.

आणि वस्तादाच्या दारी त्या उन्हाळ्यात टोपली आली, तिच्यातली वांगी जांभळी, चकचकीत, मुठीत न मावणारी होती. सगुणेनं त्यांचं भरीत केलं. भाकरीबरोबर.

यातून गाठीला बांधायचं ते एवढंच: माणसं कितीही गुणी असली तरी त्यांना जाणता हात लागतो, आणि जाणता हात तोच, जो पुढ्यातली माणसं ओळखून आपली रीत बदलतो.